माया नसलेला कपडा

घरी शिवलेल्या कपड्याचं आपल्याकडे तीन प्रकारे कौतुक होतं. आधीची पिढी म्हणते, शिलाई वाचते. मधली म्हणते, छान छंद आहे, मन रमतं. आताची म्हणते, पर्यावरणाला बरं. तिन्ही कौतुकं वरवरची आहेत. शिलाई आता वाचत नाही. छंद म्हणावं, तर वाकडी गेलेली टीप रात्री अकरा वाजता सुईच्या टोकाने उसवताना मन कितपत रमतं ते उसवणाऱ्यालाच विचारा. आणि नव्याकोऱ्या कापडाची पिशवी पर्यावरणाला किती जड जाते ते पुढे सांगतोच.

माझं म्हणणं वेगळं आहे. घरचं शिवण ही एक विद्या आहे, आणि ती घरातून गेल्यामुळे आपण कपड्यांचे जाणकार उरलो नाही, नुसते गिऱ्हाईक झालो. हे कापड कसलं आहे, ते अंगावर का बसतं किंवा का बसत नाही, फाटल्यावर वा तंग झाल्यावर त्याचं काय करता येईल, आणि ते शिवायला कुणाचा किती वेळ गेला असेल, या चार प्रश्नांची उत्तरं दोन पिढ्यांपूर्वी बऱ्याच घरांत कुणाला ना कुणाला देता येत. आज कपाटं ओसंडून वाहतात आणि उत्तरं देणारं कुणी नाही. शिवण टिकवायचं असेल तर ते या चार उत्तरांसाठी. बाकीचे फायदे वरकड.

१. बचतीचा हिशेब केव्हाच मोडला

कापड महाग आणि घरातल्या बाईचा वेळ फुकट धरलेला होता, तोवर घरी शिवण्यात पैसे वाचत. दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे शर्ट आणि झगे निघत, उरलेल्या चिंध्या गोधडीत जात. आता गणित फिरलं आहे. कारखाना कापड घाऊक भावात घेतो, थरावर थर रचून एका कापणीत ढीगभर तुकडे काढतो, आणि तुकड्यांची मांडणी संगणकावर अशी बसवतो की कापड कमीत कमी वाया जावं. घरी शिवणारा दुकानातून अडीच मीटर कापड घेतो, अस्तर, दोरा, बटणं वेगळी आणतो, आणि पहिल्या दोन-तीन वेळा तरी हमखास एक बाही उलटी कापतो. तेवढ्या पैशांत फुटपाथवर तयार कुडता मिळतो, कधी दोन.

यंत्राने वेळ वाचतो, हेही अर्धंच खरं. १८६१ च्या सुमारास व्हीलर अँड विल्सन या अमेरिकी कंपनीने आकडे दिले होते: पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटं, यंत्रावर १ तास १६ मिनिटं. आकडे विकणाऱ्याचे आहेत, पण फरक मोठा होता यात शंका नाही. मग ते वाचलेले तेरा तास गेले कुठे? घरात ते झालरींत, चुण्यांत आणि जास्तीच्या कपड्यांत गेले. कारखान्यात त्याच वेळात जास्त शर्ट मागितले जाऊ लागले.

बचतीचं समर्थन नुसतं चुकीचं नाही, घातकही ठरलं. शिवण पैशासाठीच असतं असं आपण धरून चाललो होतो. म्हणून तयार कपडा स्वस्त झाला त्या दिवशी शिवणाचं कारणच संपलं, आणि पायमशीन भरतकामाच्या अभ्र्याखाली जाऊन फुलदाणीचं टेबल झालं. एखादी गोष्ट चुकीच्या कारणासाठी जपली की ते कारण सरताच ती गोष्टही जाते. भाकरी आणि ज्वारीच्या बाबतीत आपण हे पाहिलं. तीच ज्वारी आता आरोग्याच्या नावाने दामदुपटीने विकत घेतो.

२. बेतणं

शिवणं म्हणजे टीप मारणं, असं न शिवणाऱ्याला वाटतं. सरळ टीप आठवड्याभरात जमते. अवघड आहे ते बेतणं. मराठीत बेत म्हणजे योजना आणि कापड मापाने कापणं म्हणजे बेतणं. कातरी लावण्याआधी सगळा कपडा डोक्यात शिवून झालेला असावा लागतो, आणि कातरी चुकली तर माघार नाही. एखादी गोष्ट जिवावर बेतते असं आपण म्हणतो, तेव्हा हाच शब्द वापरतो.

बेतताना काय कळावं लागतं ते पाहा. विणलेल्या कापडाला उभे धागे असतात आणि आडवे. उभा धागा ताण सोसतो, आडवा थोडा सैल असतो, आणि तिरपं ओढलं तर तेच कापड रबरासारखं ताणतं. गळ्याला लावायची उरेब पट्टी, जिला आता सगळे क्रॉस पट्टी म्हणतात, तिरपी कापतात ती यासाठी. सरळ कापलेली पट्टी गोल गळ्यावर वळतच नाही, पुरीसारखी फुगते. धुतल्यावर पँटचा एक पाय पिळवटून पुढे का येतो, याचं उत्तरही इथेच आहे: कुणीतरी कापड वाचवण्यासाठी तो पाय धाग्याच्या रेषेत न बेतता जरा कलता बेतला.

मग येते भूमिती. कापड सपाट, अंग गोलाईचं. कागदाच्या गोलातून पाचरीएवढा भाग काढून कडा जुळवल्या तर शंकू होतो. ब्लाउजचा टक्स म्हणजे हीच काढलेली पाचर. उलट, पाचर आत घातली तर घेर वाढतो. कळीचा परकर म्हणजे घातलेल्या पाचरी. साध्या पिशवीचंही तेच. सपाट पिशवीला बूड हवं असेल तर खालचे दोन कोपरे त्रिकोणात दुमडून आडवी टीप मारायची. ती टीप जितकी लांब तितकं बूड रुंद, आणि तेवढीच पिशवीची रुंदी कमी होते. उंची मात्र त्याच्या निम्म्याने. दहा सेंटिमीटरचं बूड हवं तर कापड आधीच दहा सेंटिमीटर जास्त रुंद आणि पाच जास्त उंच घ्यायला हवं. हे सूत्र कुणाला पाठ नसतं. दोन पिशव्या बुटक्या झाल्या की तिसरीला ते हातात येतं. माझी पहिली पिशवी इतकी बुटकी झाली की तिच्यात उभी कोथिंबीरही मावेना.

ही विद्या आहे, तर तिला विद्येचा मान का नाही? उत्तर जुनं आणि आपल्याच घरातलं आहे. आपल्याकडे शिवलेला कपडा सोवळ्यात चालत नाही. धोतर, लुगडं, पंचा अशी बिनशिवलेली वस्त्रं शुद्ध. सुई लागली की कपडा व्यवहारातला झाला, खालचा झाला. सुई चालवणारा म्हणून शिंपी एका जातीत बसला आणि घरातली सुई बायकांकडे गेली. पंढरपूरच्या नामदेवांनी गज आणि कातर थेट भक्तीच्या रचनेत आणली, पण आपण भक्ती तेवढी उचलली आणि कातर तिथेच ठेवली. जातीचं काम आणि बायकांचं काम, या दोन शिक्क्यांखाली दबलेल्या ज्ञानाला पाठ्यपुस्तक मिळत नाही. मिळालं तर ‘कला’ म्हणून मिळतं.

३. चुकतं कोण, अंग की कपडा?

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं आहे.

तयार कपड्याच्या दुकानातल्या आरशासमोर माणूस काय म्हणतो? ‘मला मीडियम होत नाही.’ ‘माझे खांदे फार उतरते आहेत.’ ‘पोट कमी करायला हवं.’ कपडा बसला नाही की चूक अंगाची. शिंप्याकडे हीच तक्रार उलटी असते: ‘मुंढ्यात काचतंय, सैल करा.’ चूक कपड्याची. आपल्या शरीराकडे पाहण्याची अख्खी तऱ्हा या फरकाने बदलते, आणि ती बदलली हे आपल्या लक्षातही आलेलं नाही.

आता ज्या मापाशी आपण स्वतःला ताडून पाहतो ते माप येतं कुठून? अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली आणि १९४१ साली अहवाल छापला. प्रत्येकीची पन्नासच्या वर मापं. हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. या आकड्यांवरून पुढे १९५८ साली तिथे मापांचं मानक ठरलं, आणि ते चालत नाही म्हणून १९८३ साली मागेही घेतलं गेलं. कारण साधं होतं: एकाच छातीच्या दोन बायकांची कंबर, खांदा आणि पाठीची लांबी एक असत नाही. पुढे प्रत्येक कंपनीने आपापलं माप ठरवलं आणि गिऱ्हाइकाला बारीक झाल्यासारखं वाटावं म्हणून आकडा कमी लिहायची चालही पडली. आपल्याकडे तर स्वतःचा तक्ताच नव्हता. परदेशी मापांत थोडी ओढाताण करून काम चाललं. निफ्ट या संस्थेने मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांत २५,००० माणसांची मापं घेण्याचं सर्वेक्षण हाती घेतलं ते या शतकात. म्हणजे ज्या ‘एल’ आणि ‘एक्सएल’वरून इतकी वर्षं लोक स्वतःला लठ्ठ-बारीक ठरवत होते, ते आकडे त्यांच्या अंगावरून काढलेले नव्हतेच.

तक्ता कितीही चांगला झाला तरी तो सरासरीचा असणार. कुबड आलेली आजी, एक खांदा झुकलेला हमाल, छातीच्या शस्त्रक्रियेनंतरची बाई, सातव्या महिन्यातली गरोदर मुलगी, चाकाच्या खुर्चीत दिवसभर बसणारा मुलगा: यांच्यासाठी कुठल्याही रॅकवर काही टांगलेलं नसतं. बसून असणाऱ्याची पँट मागे उंच आणि पुढे कमी लागते, नाहीतर पाठ उघडी पडते आणि पोटाशी चुण्या होतात. घरात शिवता येणारं कुणी असेल तर हा अर्ध्या दिवसाचा प्रश्न आहे. नसेल तर तो जन्मभराचा.

साडी नेसणाऱ्या बाईच्या बाबतीत एक ठाणं अजून टिकून आहे: ब्लाउज. सगळं तयार घेणारी बाईसुद्धा ब्लाउजसाठी टेपसमोर उभी राहते. वर्षातून एकदा तरी तिचं अंग कुणीतरी आहे तसं मोजतं. पुरुषांच्या वाट्याला तेही उरलेलं नाही. लग्नाचा सूट सोडला तर चाळिशीतल्या शहरी पुरुषाला स्वतःचा मुंढा किती इंच आहे हे ठाऊक नसतं, आणि मुंढा म्हणजे काय हेही.

जाता जाता खिशाबद्दल. बायकांच्या तयार कपड्यांना खिसा नसतो, असला तर दोन बोटं जातील एवढा. नऊवारीत निदान कनवटीला पैसे लावता येत. आजच्या कुर्तीत तेवढीही सोय नाही, म्हणून खांद्याला पर्स, आणि पर्सचा बाजार वेगळा. घरी कुडता शिवणारी कुठलीही बाई बाजूच्या शिवणीत खिसा घालते. वीस मिनिटांचं काम आहे. कारखान्याला ते जमत नाही यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

४. माया

शिवणकामात टिपेच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला मराठीत माया म्हणतात. ‘आत माया ठेवा हं,’ असं शिंप्याला सांगायची पद्धत होती. माणूस वाढतो, सुटतो, आटतो, आणि कपड्याने त्याच्याबरोबर चालावं, ही अपेक्षा त्या एका शब्दात होती. ब्लाउजच्या कडेला इंच-दीड इंच माया आणि तीन समांतर टिपा: सैल हवा तर आतल्या बाजूची एक उसवायची. मुलींच्या झग्याला खाली दोन-तीन आडव्या चुण्या घालून ठेवायच्या. मुलगी उंच झाली की दरवर्षी एक सोडायची, उन्हाने न विटलेली रेघ दिसली तर तिच्यावर लेस लावायची. शाळेची पँट वाढत्या अंगाची, पायाशी चार बोटं आत दुमडलेली. परकराला नेफा आणि नेफ्यात नाडी. कंबर बदलली तर गाठ बदलते.

आज तुमच्या अंगावरचा तयार शर्ट उलटा करून पाहा. शिवणीच्या कडेला दोऱ्याची जाळी दिसेल आणि तिच्यापलीकडे कापड नसेल. ही ओव्हरलॉक शिलाई. ते यंत्र शिवता शिवता कडेचं कापड सुरीने कापत जातं. कडा सुटत नाहीत, काम भराभर होतं, लाखो नगांमागे कापडही वाचतं. कारखान्याच्या दृष्टीने बिनतोड. पण जी माया आपल्याला पुढे लागणार होती तीच त्या सुरीने कापलेली असते. तो कपडा एक इंचही सैल होत नाही. नाडीची जागा थेट कापडावर शिवलेल्या इलॅस्टिकने घेतली. ते लोंबलं की कपडा संपला, कारण नेफाच नाही तर नवं इलॅस्टिक ओवणार कुठे? तयार कपडा एकाच मापासाठी, एकाच काळासाठी, एकाच मालकासाठी केलेला असतो. तो धाकट्याला जात नाही.

‘कपडे आता टिकत नाहीत’ अशी तक्रार आपण करतो. टिकण्याची खात्री कापडावर कधीच नव्हती. जुनं मलमलही विरायचं. टिकायची ती दुरुस्तीची सोय. लुगडं बसायच्या जागी विरलं की तेवढा भाग कापून काढायचा आणि दोन चांगली टोकं जोडायची, याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं गरिबीची खूण होतं हे खरं, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण दंड कसा घालायचा हे माहीत असणं ही गरिबी नव्हती. पुढे तेच लुगडं दुपटं व्हायचं, मग गोधडीचा आतला थर, मग पुसायचं फडकं. एका वस्त्राचे चार जन्म, आणि प्रत्येक जन्मात सुईचं काम.

यावर कुणी म्हणेल की हा गतकाळाचा उमाळा आहे. तसं नाही. चुण्या घातलेला झगा परत यावा असं मी म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की ज्याला माया म्हणजे काय हे ठाऊक आहे तो कपडा घेताना उलटा करून पाहतो, आणि ज्याला ठाऊक नाही तो फक्त किमतीची चिठ्ठी पाहतो.

५. टाक्याचा भाव

साधा कुडता शिवायला मला दोन रविवार लागतात. सराईत हाताला चार-पाच तास लागत असतील. कारखान्यात शर्टचं काम डझनावारी हातांत वाटलेलं असतं. एक जण दिवसभर फक्त कॉलर करतो, दुसरा फक्त काजं. त्यामुळे एका शर्टमागे माणसाची काही मिनिटंच लागतात. पण ती मिनिटंही शून्य नसतात, आणि कापूस पिकवणं, सूत काढणं, विणणं, रंगवणं, धुणं, वाहतूक, दुकानाचं भाडं हे सगळं धरून एखादा शर्ट १९९ रुपयांना मिळतो, तेव्हा शिवणाऱ्या माणसाच्या मनात आपोआप प्रश्न येतो: यात कॉलरवाल्याच्या वाट्याला किती आले?

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तिच्यात पाच कपडे-कारखाने होते. ११०० हून अधिक माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावण्यात आलं. जगभर हळहळ झाली, काही करार झाले, आणि स्वस्त कपड्याचा खप थांबला नाही. ग्राहक दुष्ट आहेत म्हणून हे घडतं असं मला वाटत नाही. कॉलर लावणं म्हणजे काय हे ज्याने कधी केलेलं नाही त्याला तो भाव अशक्य वाटतच नाही. भाव अशक्य आहे हे कळायला हात लागतात.

हे दूरचं राहू द्या. आठ हजारांची साडी न कुरकुरता घेणारी मंडळी अस्तराच्या ब्लाउजच्या शिलाईवरून घासाघीस करतात. साडीचा भाव दुकानातल्या पाटीवर असतो म्हणून तो मान्य, शिंप्याचा भाव त्याच्या तोंडी असतो म्हणून त्यात सूट मागायची. एकदा कटोरी ब्लाउजच्या दोन्ही बाजू सारख्या करून पाहाव्यात. त्यानंतर घासाघीस होत नाही.

६. पिशवीचं पुण्य

महाराष्ट्रात २३ जून २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर कडक बंदी लागू झाली आणि कापडी पिशवी रातोरात सद्गुणी ठरली. समारंभात पिशव्या, दुकानात पिशव्या, निवडणुकीत पिशव्या. आज अनेक घरांत कापडी पिशव्या ठेवायलाही एक मोठी पिशवी लागते.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली पिशव्यांचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब मांडला. हवामानावरचा परिणाम तेवढा धरला तर नवी सुती पिशवी ५२ वेळा वापरल्यावर साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करते. पाणी, खतं, ओझोन असे सगळे निकष एकत्र धरले तर ७१०० वेळा. सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा, कारण त्या शेतीत एकरी कापूस कमी येतो. या हिशेबात एक मोठी उणीव आहे: गटारात आणि गाईच्या पोटात जाणारं प्लास्टिक त्यात धरलेलं नाही, डेन्मार्कात तो प्रश्न फारसा नाही म्हणून. आपल्याकडे २६ जुलै २००५ ला मुंबईची गटारं तुंबली तेव्हा तोच प्रश्न समोर आला. तरीही मुद्दा उरतोच. नवं कापड घेऊन पिशवी शिवणं हे पुण्य नाही. जुन्या पँटच्या पायाची, विरलेल्या चादरीच्या काठांची, साडीच्या न वापरलेल्या आतल्या टोकाची पिशवी हिशेबात बसते, कारण ते कापड आधीच पिकवून, रंगवून, वापरून झालेलं असतं. आणि ती पिशवी विकत मिळत नाही, शिवावीच लागते.

दुकानात जी ‘कापडी’ म्हणून मिळते तिच्यात तर बहुधा कापडच नसतं. ती न विणलेली, प्लास्टिकचे तंतू उष्णतेने चिकटवून केलेली असते. ओळखायची रीत सोपी आहे: कडेचा एक धागा ओढून पाहा. कापड असेल तर धागा निघेल. शिवणाऱ्याला हे हात लावताच कळतं, बाकीच्यांना सरकारी परिपत्रक लागतं.

७. आक्षेप

वेळ कुठे आहे? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. सगळे कपडे घरी शिवावेत असं मी म्हणतच नाही. बटण, काज, हेम, उसवलेली शिवण, एक पिशवी आणि एक सैल कुडता, एवढं यावं. जाणकार व्हायला तेवढं पुरतं.

मग चांभारकाम आणि कुंभारकामही शिकायचं का? हा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रत्येकाने सगळं करायचं म्हटलं तर समाज आदिमानवाकडे जाईल. पण स्वयंपाकाच्या बाबतीत आपण असा प्रश्न विचारत नाही. हॉटेलं आहेत म्हणून फोडणी शिकू नये असं कुणी म्हणत नाही, आणि हॉटेलातली आमटी बिघडली हे आपल्याला कळतं ते घरी आमटी होते म्हणूनच. कपडा चोवीस तास अंगाला लागून असतो, त्याची हत्यारं स्वस्त आहेत, कच्चा माल प्रत्येक कपाटात पडून आहे. भट्टी लावावी लागत नाही.

शिंप्याच्या पोटावर पाय येईल? उलट होतं. शिवता येणारा माणूस शिंप्याकडे जास्त जातो, कारण आपल्याला काय येत नाही हे त्याला नेमकं कळलेलं असतं. शिंप्याचं दुकान तयार कपड्याने बसवलं.

शेवटचा आक्षेप सर्वांत खरा आहे: शिवण ही बायकांच्या पायातली बेडी होती, ती पुन्हा कशाला? पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन उभं केलं तेव्हा शिवणाचे वर्ग विधवांना चार पैसे मिळवून देणारी वाट होते. त्या वाटेचा मान राखूनही म्हणावं लागतं की तेव्हापासून आपल्या कल्पनेत यंत्र आणि असहाय बाई यांची जोडी पक्की झाली. सिनेमातली विधवा आई रात्रभर मशीन चालवते आणि मुलगा इन्स्पेक्टर होतो. सरकारी योजनाही मशीन वाटतात, फोटो निघतो, आणि गल्लीत दहा मशिनी झाल्यावर ब्लाउज कुणाचे शिवायचे हा प्रश्न फोटोबाहेर राहतो. बाजारात मोलाने शिवणारा हात बहुतेक पुरुषाचा आणि घरात फुकट शिवणारा बाईचा, ही वाटणी सुईने केलेली नाही.

गांधीजी यंत्रांचे विरोधक, पण १९२४ साली त्यांनी सिंगरचं शिलाई यंत्र अपवाद ठरवलं. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी घडवलं, असं ते म्हणाले. इतिहास तसा नाही. आयझॅक सिंगर हा फिरता नट आणि कारागीर, त्याने बॉस्टनच्या एका कारखान्यातलं नादुरुस्त यंत्र सुधारलं ते पैशासाठी, आणि १८५१ चं पेटंटही त्याच हिशेबाने घेतलं. पण गोष्ट खरी असती तरी माझा प्रश्न राहिला असता: बायकोचे कष्ट पाहून नवऱ्याला नवं यंत्र सुचतं, सुई स्वतः हातात घ्यावी हे का सुचत नाही? बेडी सुईची नव्हती, ती एकाच हातात दिली याची होती. म्हणून बेडी तोडायचा उपाय मुलींच्या हातातून सुई काढून घेणं हा नाही.

८. दोन दिवस

आमच्या वेळी शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम असे. मुली बाहुलीचं झबलं शिवत, आम्ही खिळे वाकवत होतो. मी सुई हातात घेतली ती चाळिशी उलटल्यावर, आणि बटण लावताना दोऱ्याला गाठ कशी मारायची हे मला शेजारच्या सहावीतल्या मुलीने दाखवलं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेले आहेत. त्या दिवसांत मुलांनी कारागिरांकडे जाऊन काही हाताने शिकावं अशी कल्पना आहे. मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझं एवढंच सांगणं आहे: त्यांतले दोन दिवस दप्तर शिवायला द्या. गल्लीतल्या शिंप्याला मानधन देऊन वर्गात बोलवा. प्रत्येकाने घरून एक जुनी पँट आणावी, सुई, दोरा आणि कातरी शाळेने द्यावी. मुलगे आणि मुली एकाच बाकावर बसू द्या, आणि शिवताना आत माया ठेवायला सांगा. वरच्या वर्गात पुस्तकं वाढतात.